घसरगुंडीखालची जमीन: शहरातील मुलांच्या खेळाच्या जागेचा इतिहास

सार्वजनिक बागेच्या एका कोपऱ्यात झोके, घसरगुंडी आणि सी-सॉ असणे आज इतके स्वाभाविक वाटते की त्या कोपऱ्यालाही काही इतिहास असेल, असे सहसा मनात येत नाही. सोलापुरात सिद्धेश्वर तलावाचा संबंध बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी सांगितला जातो, भुईकोट किल्ल्याची सुरुवात बहमनी काळापर्यंत नेली जाते, आणि जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली. या सर्वांच्या मानाने केवळ मुलांसाठी राखलेली, कोणालाही विनामूल्य जाता येईल अशी सार्वजनिक खेळाची जागा ही फारच अलीकडची गोष्ट आहे. जगातील मोठ्या शहरांतही तिचे वय पावणेदोनशे वर्षांच्या फारसे पुढे जात नाही.

ही जागा निर्माण होण्यापूर्वी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. आधी मुलांचा दिवस कामातून मोकळा व्हावा लागला, आणि मग शहरातील महागड्या जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावे कायद्याने राखला जावा लागला. झोका आणि घसरगुंडी त्यानंतर आली, आणि खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर तीच सर्वांत सोपी बाब आहे. आपल्याकडे मात्र चर्चा, उद्घाटन आणि निधी हे सारे खेळण्यांभोवती फिरते, आणि ज्या दोन गोष्टींवर ती जागा उभी असते त्या बाजूला पडतात. म्हणून हा इतिहास थोडा सविस्तर सांगावासा वाटतो.

गावात मुलांसाठी वेगळी जागा राखण्याची गरजच नव्हती. विटीदांडू, लगोरी, गोट्या, लंगडी, आट्यापाट्या, सूरपारंब्या या खेळांना साहित्य जवळजवळ लागत नाही; लागते ती मोकळी जागा, एखादे झाड आणि सवंगडी. अंगण, देवळापुढचा पार, खळे, ओढ्याकाठचा वड या साऱ्या जागा मोठ्यांच्या कामाच्या आणि मुलांच्या खेळाच्या एकाच वेळी असत. थोड्या मोठ्या मुलग्यांसाठी तालीम असे, आणि सोलापुरात तालमींची परंपरा आजही जिवंत आहे. पण तालमीत मुलींना आणि लहानग्यांना स्थान नव्हते. गिरणीचे शहर वाढू लागले तेव्हा ही व्यवस्था मोडली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला अंगण नसते, आणि गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर घरे बांधायची म्हटल्यावर मोकळी जागा सर्वांत आधी संपते. तेलंगणातून आलेल्या विणकर कुटुंबांनी वसवलेल्या शहराच्या पूर्व भागात तर माग घरातच असे, त्यामुळे राहण्याची जागा आणि कामाची जागा यांत फरकच उरत नसे.

वेळेचा प्रश्न याहून कठीण होता. भारतातील पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला, आणि शंभर किंवा अधिक माणसे यंत्रशक्तीवर काम करत असलेल्या कारखान्यांना तो लागू झाला. सात वर्षांखालील मुलाला कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. ही त्या काळची सुधारणा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आधीची स्थिती काय असेल याची कल्पना येते. १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये किमान वय बारा झाले आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी सहा तास ठरले. आणि १९४८ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात ठेवण्यास पूर्ण मनाई केली. याच काळात १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. कामाचे तास कमी होत गेले, शाळेचे तास वाढत गेले, आणि या दोहोंच्या मध्ये दिवसाचा एक भाग असा निर्माण झाला की जो मुलांचा स्वतःचा होता. तो कोठे घालवायचा, या प्रश्नाचे शहराने दिलेले उत्तर म्हणजे खेळाची सार्वजनिक जागा. विडी वळण्याचे काम घराघरांत चालणाऱ्या सोलापुरात हा वेळ सर्व मुलांना एकाच वेळी मिळाला नाही, कारण कारखान्याचा कायदा घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबत असे.

वाळूचा ढीग आणि लोखंडी नळी

इतर देशांतही हीच कथा गिरण्यांच्या शहरांतूनच सुरू होते. इंग्लंडमधील मँचेस्टर हे कापड गिरण्यांचे सर्वांत मोठे केंद्र होते, आणि तेथे व शेजारच्या सॅलफर्डमध्ये १८४६ साली वर्गणी काढून तीन सार्वजनिक उद्याने उघडण्यात आली, ज्यांत खेळासाठी आणि व्यायामासाठी स्वतंत्र जागा ठेवल्या होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगे आणि मुली यांच्या जागा वेगळ्या असत. लहान मुलांचा विचार मात्र जर्मनीतून आला. बालशिक्षणाचे प्रवर्तक फ्रीड्रिश फ्रोबेल यांच्या विचारांच्या प्रभावाखाली बर्लिनच्या उद्यानांत मुलांना खेळण्यासाठी वाळूचे ढीग टाकले जात. मारी झाक्षेव्स्का या अमेरिकेत वैद्यकी करणाऱ्या डॉक्टर बाईंनी ते पाहिले आणि त्याविषयी बॉस्टनला कळवले. तेथे १८८५ साली गरीब वस्तीतील एका प्रार्थनागृहाच्या आवारात वाळूचा असाच ढीग टाकण्यात आला. पुढील काही वर्षांत शहरात अशा अनेक वाळूच्या बागा झाल्या, आणि तेथे मुलांवर लक्ष ठेवण्यासाठी पगारी बायका नेमल्या गेल्या.

त्या काळातील सुधारकांच्या दृष्टीने खेळण्यांपेक्षा देखरेख करणारी व्यक्ती महत्त्वाची होती. न्यूयॉर्कच्या दाट स्थलांतरित वस्तीत १९०३ साली उघडलेले सीवर्ड पार्कचे क्रीडांगण हे अमेरिकेत शहर प्रशासनाने बांधलेले पहिले कायमस्वरूपी क्रीडांगण मानले जाते, आणि तेथेही व्यायाम व खेळ शिकवणारी माणसे नेमलेली असत. या देखरेखीत मुलांना शिस्त लावण्याचा हेतू पुष्कळ होता, आणि त्यावर पुढे टीकाही झाली. पण क्रीडांगणाला माणूस लागतो, ही त्यांची समजूत मला आजही योग्य वाटते.

मग लोखंडाच्या नळीचा काळ आला. इंग्लंडमधील केटरिंग येथे यंत्रे बनवणाऱ्या चार्ल्स विकस्टीड या कारखानदाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामगारांच्या कुटुंबांसाठी मोठे उद्यान करायला घेतले. मुलांच्या एका सहलीसाठी तेथे तात्पुरते झोके उभारले होते. मुले ते सोडायला तयार होईनात, म्हणून ते तसेच ठेवले गेले आणि पुढे त्याच्या कारखान्याने झोके, घसरगुंड्या व फिरती चक्रे बनवून विकायला सुरुवात केली. त्याच सुमारास अमेरिकेत सेबास्टियन हिंटन या वकिलाने नळ्यांच्या चौकटींचा चढण्याचा सांगाडा तयार केला, ज्याला आपण जंगल जिम म्हणतो, आणि १९२३ मध्ये त्याला त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट, मिळाले. त्यामागची कल्पना त्याच्या वडिलांची होती. चार्ल्स हिंटन हे गणिताचे शिक्षक जपानमध्ये राहत असताना त्यांनी मुलांना त्रिमितीचे आकलन व्हावे म्हणून बांबूंची अशीच चौकट बांधली होती. ते आकडे पुकारत आणि मुले त्या आकड्यांनी ठरणाऱ्या बिंदूवर चढून जात. बागेतल्या गंजक्या सांगाड्यामागे भूमितीचा एक पाठ आहे, हे कळल्यापासून मला त्याच्याकडे पूर्वीसारखे पाहता येत नाही.

नळीचा प्रसार होण्याचे कारण सोपे होते. ती स्वस्त, टिकाऊ आणि कोठेही वाकवता व जोडता येण्यासारखी असते. आपल्या नगरपालिकांच्या बागांतही हाच साचा आला, कारण वेल्डिंगच्या कोणत्याही दुकानात झोक्याचा सांगाडा तयार होऊ शकत होता. त्याला आपल्या कारागिरांनी स्वतःची भर घातली ती सिमेंटच्या हत्तीची. सोंडेवरून घसरत खाली येण्याची हत्तीची घसरगुंडी महाराष्ट्रातील अनेक गावांच्या बागांमध्ये दिसते.

नळीच्या साच्याला पहिला गंभीर आक्षेप डेन्मार्कमधून आला. उद्यानरचनाकार कार्ल थेओडोर सोरेन्सन यांनी पाहिले की नीट आखलेल्या क्रीडांगणापेक्षा मुलांना बांधकामाच्या जागा आणि पडीक सामान अधिक आवडते. १९४३ साली, देश जर्मनीच्या ताब्यात असताना, कोपनहेगनजवळ एमड्रुप येथे त्यांच्या कल्पनेनुसार अशी जागा उघडली गेली की जेथे फळ्या, विटा, दोऱ्या ठेवलेल्या असत आणि मुले स्वतः काय हवे ते बांधत. युद्धानंतर लंडनमध्ये बाँबहल्ल्यांनी मोकळ्या झालेल्या भूखंडांवर असे प्रयोग झाले. दुसरा मार्ग ॲमस्टरडॅमच्या आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराचा. १९४७ पासून सुमारे तीस वर्षांत त्यांनी त्या शहरात सातशेहून अधिक खेळाच्या जागा केल्या, आणि त्यातील पुष्कळशा दोन घरांमधल्या रिकाम्या जागेवर, रस्त्याच्या रुंद कोपऱ्यावर, वाया गेलेल्या तुकड्यावर होत्या. वाळूचा हौद, काही कमी उंचीचे दांडे, उड्या मारत जाण्याचे दगडी ठोकळे आणि बसायला बाक, एवढेच साहित्य. बहुतेक ठिकाणी कुंपणही नसे. आपल्या गल्लीतही अशी जागा हवी, म्हणून रहिवासी महापालिकेला पत्रे लिहीत. दाट वस्तीच्या आणि मर्यादित निधीच्या शहरांसाठी यातील व्हान आइक यांचा मार्ग सर्वांत उपयोगाचा आहे, असे माझे मत आहे, कारण त्यात एका मोठ्या उद्यानावर खर्च करण्याऐवजी लहान जागा मुलांच्या घराजवळ आणल्या जातात.

हा विचार आपल्याकडे अगदीच नवा होता असे नाही. ताराबाई मोडक यांनी बोर्डीला १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले तेव्हा मूल शाळेकडे येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात गेली पाहिजे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना विकसित झाली. खेळाच्या जागेला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. सहा वर्षांचे मूल एकटे किंवा आजीचा हात धरून, मोठा रस्ता न ओलांडता जेथे पोहोचू शकते तेवढीच जागा त्याची असते. शहराच्या दुसऱ्या टोकाचे सुंदर उद्यान त्याच्या दृष्टीने सहलीचे ठिकाण होय.

नकाशावरचा हिरवा तुकडा

भारतात शहररचनेचा आणि मुलांच्या खेळाचा संबंध जोडणाऱ्या पहिल्या मोठ्या नावांत पॅट्रिक गेडिस यांचे नाव घ्यावे लागते. एडिंबरोच्या जुन्या वस्तीत पडीक जागांच्या लहान बागा करणारे हे स्कॉटिश विचारवंत १९१४ साली भारतात आले, अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले, आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. वस्ती पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी वस्तीतच थोडी मोकळी जागा मिळवावी, हा त्यांचा आग्रह होता. १९१५ साली मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा झाला. १९५४ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना विकास आराखडा तयार करणे बंधनकारक केले, आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने आज लागू असलेली चौकट घालून दिली. सोलापूर नगरपालिकेची महानगरपालिका त्याआधी दोनच वर्षे, १ मे १९६४ रोजी झाली होती.

स्वातंत्र्यानंतर बागेला आणखी एक अर्थ मिळाला. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला सरकारी पैशातून राखलेल्या सार्वजनिक राबत्याच्या जागांच्या वापरापासून रोखता येणार नाही, असे स्पष्ट केले. ज्या समाजात पाणवठा आणि शाळाही सर्वांना खुली नव्हती, तेथे एकाच झोक्यावर पाळीपाळीने बसण्याचा हक्क ही लहान गोष्ट नव्हती. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या सोलापुरात तर बागेतला झोका ही अशी एक जागा आहे की जेथे वेगवेगळ्या पेठांतील मुले कोणत्याही निमंत्रणाशिवाय एकत्र येतात. त्या काळातील उत्साह राज्यभर दिसत होता: मुंबईत १९५२ साली कमला नेहरू उद्यान झाले आणि त्यातील म्हातारीचा बूट पिढ्यांच्या आठवणीत राहिला; पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ साली फुलराणी धावू लागली.

आता जमिनीचा मुद्दा, जो समजायला थोडा किचकट आहे. शहराचा विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात, हा साधारण वीस वर्षांचा विचार करून तयार केलेला नकाशा असतो. त्यात रस्ते, शाळा, दवाखाने, बाजार यांच्यासाठी जशा जागा दाखवतात तशाच बाग आणि क्रीडांगण यांच्यासाठीही दाखवतात, आणि याला आरक्षण म्हणतात. येथे बहुतेकांचा गैरसमज होतो. आरक्षण पडले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नाही. जमीन मूळ मालकाचीच राहते. तिच्यावर त्याला दुसरे काही बांधता येत नाही, इतकेच. ती ताब्यात घेण्यासाठी महापालिकेला मालकाशी करार करून मोबदला द्यावा लागतो, किंवा त्याबदल्यात अन्यत्र वापरता येणारा बांधकामाचा हक्क द्यावा लागतो, ज्याला टीडीआर म्हणतात, किंवा भूसंपादन कायद्याने ती घ्यावी लागते.

आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत हे झाले नाही, तर अधिनियमाच्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस मिळाल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन घेतली गेली नाही किंवा घेण्यासाठी कायदेशीर पाऊल उचलले गेले नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. मालकाच्या बाजूने पाहिले तर ही तरतूद न्याय्य आहे, कारण कोणाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवता येत नाही. पण त्याचा परिणाम असा की ज्या क्रीडांगणासाठी पैसे राखले गेले नाहीत ते कोणताही गाजावाजा न होता नकाशावरून पुसले जाते. अतिक्रमणाने गेलेली जागा लोकांना दिसते. नोटिशीची मुदत उलटून गेलेली जागा दिसत नाही, कारण तेथे झोका कधी उभाच राहिलेला नसतो.

दुसरा स्रोत म्हणजे ले-आउटमधील ओपन स्पेस. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे भूखंड पाडताना किमान दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, असा राज्याच्या सध्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही नियम आहे. ही जागा तेथील रहिवाशांच्या मनोरंजनासाठी असते. सोलापूरच्या हद्दवाढ भागातील वसाहतींमध्ये मुलांच्या वाट्याला येऊ शकणारी सर्वांत जवळची जमीन हीच असते, आणि सर्वांत आधी तिच्यावरच डोळा जातो. कधी तेथे वसाहतीचे सभागृह होते, कधी वाहने लावली जातात, कधी बांधकामाचा राडारोडा येऊन पडतो, आणि प्रत्येक वेळी कारण योग्यच वाटते. मुले हरकत नोंदवू शकत नाहीत, म्हणून ती मोठ्यांनी नोंदवावी लागते. न्यायालयांनी या बाबतीत नागरिकांची बाजू घेतलेली आहे. बंगळुरूमधील एका वसाहतीत उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते वाटप रद्द ठरवले. मोकळी जागा आणि उद्यान ही लोकांची गरज आहे, ती प्रशासनाच्या मर्जीवर सोडता येत नाही, हा त्या निकालाचा आशय होता.

पडण्याचे गणित

जमीन मिळाल्यानंतर तिच्यावर काय ठेवायचे, यात गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत सर्वाधिक बदल सुरक्षिततेच्या विचाराने झाला आहे. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९८१ मध्ये सार्वजनिक क्रीडांगणांसाठी मार्गदर्शिका काढली, आणि युरोपात १९९८ मध्ये समान मानके आली. त्यांचा गाभा एका साध्या निरीक्षणात आहे: क्रीडांगणावरील गंभीर दुखापतींचे मुख्य कारण पडणे हे आहे, आणि मूल किती उंचीवरून पडले याइतकेच ते कशावर पडले हे महत्त्वाचे असते.

दोन मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे बावीस किलोमीटर असतो, आणि तीन मीटरवरून पडल्यास सुमारे सत्तावीस. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळते यावर डोक्याला बसणारा धक्का ठरतो. फरशीवर किंवा काँक्रीटवर ते अंतर जवळजवळ मिळतच नाही. भुसभुशीत वाळू काही सेंटीमीटर दबते आणि तेवढ्यानेच धक्का कित्येक पटींनी कमी होतो. म्हणून अमेरिकी मार्गदर्शिकेत सुमारे तेवीस सेंटीमीटर जाडीचा वाळूचा थर सव्वा मीटरच्या आसपासच्या उंचीपर्यंत पुरेसा मानला आहे, आणि लाकडाच्या चिपांचा तेवढाच थर त्याहून अधिक उंचीला चालतो. युरोपीय मानकात पडण्याची उंची तीन मीटरपेक्षा अधिक असू नये असे म्हटले आहे. कठड्यांच्या किंवा शिडीच्या फटींबाबतही नियम आहे: सुमारे नऊ ते तेवीस सेंटीमीटरची फट टाळावी, कारण तेथून मुलाचे शरीर पलीकडे जाते आणि डोके अडकते. झोक्याच्या एका चौकटीत दोनच पाळणे असावेत, आणि पुढे-मागे आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी असावी.

हे नियम परदेशी म्हणून बाजूला ठेवण्याजोगे नाहीत, पण ते सोलापुरात जसेच्या तसे लावूनही चालत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत येथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि काही दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत जातो. अशा उन्हात पत्र्याची घसरगुंडी इतकी तापते की काही सेकंदांच्या स्पर्शानेही लहान मुलाची कातडी भाजू शकते. नव्या उद्यानांत बसवल्या जाणाऱ्या गडद रंगाच्या रबरी फरश्या पडण्याच्या दृष्टीने चांगल्या असल्या, तरी उघड्या उन्हात त्याही अनवाणी पायांना सोसत नाहीत, आणि प्लॅस्टिकच्या खेळण्यांचा रंग व मजबुती अशा उन्हात लवकर जाते. म्हणून आपल्याकडे सावलीला सुरक्षिततेच्या यादीत पहिले स्थान द्यायला हवे. घसरगुंडीचा उतार उत्तरेकडे ठेवणे, खेळणी आधीच असलेल्या कडुनिंबाच्या किंवा वडाच्या छायेत बसवणे आणि त्यासाठी झाड न तोडणे, वाळूचा हौद झाडाखाली करणे, यांना फारसा खर्च येत नाही. जेथे काळी माती आहे तेथे आणखी एक अडचण असते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाया घेतलेल्या झोक्याचे पाय दोन-तीन वर्षांत कलतात. पाया मुरमापर्यंत खोल नेणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो निविदेतच लिहिलेला असावा लागतो.

देखभालीबाबत कायद्याची भाषाही जाणून घेण्यासारखी आहे. राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे ही नागरी संस्थांची बाब म्हणून नोंदलेली आहे. महाराष्ट्राच्या महानगरपालिका अधिनियमात मात्र कर्तव्यांचे दोन वर्ग आहेत, आणि नवी उद्याने व क्रीडांगणे करणे हे ऐच्छिक कर्तव्यांत मोडते. पाणी, गटार, कचरा यांचा पैसा आधी आणि बागेचा नंतर, ही क्रमवारी त्यातूनच येते. नवे साहित्य बसवण्यासाठी बाहेरून निधी मिळू शकतो: आमदार निधी असतो, केंद्राच्या २०१५ च्या अमृत योजनेत हरित जागा आणि बालस्नेही उद्याने हा एक घटक होता, आणि केंद्राच्याच स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांच्या यादीतही सोलापूर होते. तुटलेली साखळी, निखळलेला बोल्ट, वाहून गेलेली वाळू यांच्यासाठी मात्र असा निधी येत नाही. तो उद्यान विभागाच्या नेहमीच्या अंदाजपत्रकातूनच यावा लागतो. त्यामुळे खेळणी एकदम नवी होतात, काही वर्षांत एकदम मोडतात, आणि मधली वर्षे साखळीविना चौकट उभी राहते. महिन्यातून एकदा प्रत्येक सांधा तपासून नोंदवहीत सही करणारा एक फिटर या साऱ्यावर जितका उपाय करू शकतो तितका नवा संच करू शकत नाही.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, होम मैदानावर दर जानेवारीत आकाशपाळणे येतात आणि मुलांचा आनंद पाहण्यासारखा असतो, पण तेथे प्रत्येक फेरीला तिकीट लागते. महापालिकेच्या बागेतला झोका वर्षभर, फुकट आणि कोणासाठीही असतो. तो खरोखर कोणासाठीही असायचा तर दाराचाही विचार करावा लागतो. गुरे आत येऊ नयेत म्हणून अनेक ठिकाणी बसवलेले फिरते फाटक चाकाच्या खुर्चीला आणि बाळाच्या गाडीला अडवते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे सांगतो, आणि त्यासाठी फाटकाशेजारी एक मीटर रुंदीचे साधे दार व तेथून झोक्यापर्यंत सपाट वाट पुरते. वेळेचेही तसेच आहे. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी येथे मुले खेळूच शकत नाहीत, तेव्हा एप्रिल ते जून या काळात बाग पहाटे लवकर उघडणे, रात्री नऊपर्यंत चालू ठेवणे आणि खेळण्यांच्या कोपऱ्यात पुरेसे दिवे लावणे हे नवी घसरगुंडी आणण्याच्या आधी करण्याचे काम आहे.